मला आणायला कोण येणार, वसंता?

वसंता, तू गेल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो, आता त्या ग्लायडरचं काय करणार? तुमचं काय, असं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी धड उत्तर दिलं नसतं म्हणा, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण विचारायला काय जातंय लोकांचं?

तुझ्या शाळेनं शोकसभा घेतली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. आदर्श शिक्षक, भूगोलाचा गाढा अभ्यास, विद्यार्थ्यांवर पोटच्या मुलांसारखं प्रेम, असं बरंच बोलून झालं. मी आपला विचार करत होतो, हे चाललंय कुणाबद्दल? दुसऱ्याच्या डब्यातली लोणच्याची फोड न विचारता उचलणारा, हरलेला वाद दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा, जीपमध्ये बसला की चपला काढून पाय समोरच्या काचेला टेकवणारा वसंता त्यात कुठंच नव्हता. मला म्हणाले, शिवरामभाऊ, दोन शब्द बोला. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा काही बसला नव्हता. तिथं उभं राहून तुला 'कैलासवासी' म्हणावं लागलं असतं आणि तेवढं माझ्यानं झालं नसतं. म्हणून हे लिहितोय, आणि यात तुला अरे-तुरेच करणार आहे.

तर ग्लायडरचं काय करायचं, हा प्रश्नच नाही. ते आहे शेडमध्ये, ताडपत्रीखाली, सुखात. प्रश्न दुसरा आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

उत्रोलीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आपला माळ. एसटी सोडते तिथून चालत यायचं, बाभळी ओलांडल्या की एक पत्र्याची शेड, शेडमध्ये मोजकी ग्लायडरं आणि समोर काठीवर वारा बघायला लावलेली फाटकी कापडी नळी. नवा माणूस येतो आणि विचारतो, क्लब कुठंय? आपण म्हणायचो, तुम्ही त्यातच उभे आहात. पण एवढ्याशा जागेला नियम मात्र कडक. हवाई दलातून निवृत्त होऊन ज्यांनी हा माळ उभा केला त्या जुन्या साहेबांनी घालून दिलेला. माळाच्या डोक्यावर घिरट्या घालून परत यायचं असेल तर खुशाल या. पण डोंगरापलीकडं जायचं असेल तर आधी आपल्याला आणायला येणारा माणूस ठरलेला पाहिजे. बिनइंजिनाचं विमान आहे ते. हवेनं उचललं तर उचललं, नाही तर दिसेल त्या मोकळ्या रानात उतरायचं आणि वाट बघत बसायचं. खालून कुणीतरी जीपमागं ट्रेलर लावून शोधत येतो, तेव्हा घर दिसतं. म्हणून शेडमधल्या फळ्यावर दोन नावं लिहायची. एक वर जाणारा, एक आणणारा. दुसरं नाव नसेल तर ग्लायडर वर खेचणारा दोर लावायचा नाही.

इतकी वर्षं त्या फळ्यावर आपल्या दोघांचीच नावं आलटून पालटून होती. एका रविवारी तू वर, मी खाली. पुढच्या रविवारी मी वर, तू खाली. हे आपण कधी ठरवलं नव्हतं आणि कधी एकमेकांना विचारलंही नव्हतं. आता तू नाहीस. आता मला आणायला कोण येणार, वसंता? प्रश्न एवढाच आहे.

पुण्याहून येणारी पोरं चांगली आहेत. काका, आम्ही आणतो की, म्हणतात. आणतीलही. पण त्यांच्या त्यांच्या जोड्या आहेत, संध्याकाळी त्यांना घाटातून परत जायचं असतं. आणि विचारावं लागलं की तो आपला आणणारा राहत नाही, उपकार करणारा होतो. मला उपकार पचत नाहीत. उतरत्या वयात तर अजिबातच नाही.

घरी माझं कोण आहे ते तुला माहीतच आहे. लग्न राहून गेलं, का राहिलं ते आता मलाही नीट सांगता येत नाही. ड्रायव्हरची नोकरी, कधी वेल्ह्याला मुक्काम, कधी महाडला. तू म्हणायचास, शिव्या, तू लग्न केलंस ते एसटीशी आणि तिनंही तुला रिटायर केलं. तेव्हा हसलो होतो. आता घरी कुलूप उघडताना आठवतं आणि हसू येत नाही.

तू पहिल्यांदा दिसलास तोही एसटीतच. मी भोर–वेल्हे गाडीवर होतो आणि तू मार्गासनीच्या शाळेत नवा लागला होतास. माझ्या केबिनच्या मागच्या सीटवर बसून तू बाजूच्या माणसाला डोंगर समजावून सांगत होतास. हा अमुक काळातला दगड, ही लाव्ह्याची पायरी. तो बिचारा कोंबड्या घेऊन बाजाराला निघाला होता. मी आरशात बघून म्हटलं, मास्तर, त्याला उतरायचंय, दार सोडा. तिथून जी आपली तू-तू मैं-मैं सुरू झाली ती संपलीच नाही. माळावर ग्लायडरं आली म्हणून बघायला तूच मला ओढत नेलंस. तिथं दोर ओढायला माणसं कमी होती, आपण हात लावला, आणि मग दर रविवारी लावतच राहिलो. पुढं साहेबांनी शिकवलं, परवाना मिळाला, आणि कुणालाच नको असलेलं एक जुनं एकट्यानं बसायचं ग्लायडर आपल्या दोघांच्या गळ्यात पडलं. वहिनी म्हणाल्या होत्या, दोन घोडनवरे आणि एक नवरी. तू ते सगळ्यांना सांगत फिरलास.

खरं सांगू? मला वर जाण्यापेक्षा तुला आणायला जाणं जास्त आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू दर रविवारी वर गेला असतास, तेवढा स्वार्थी तू होतासच. पण दुपारी तुझा फोन यायचा, मी विचारायचो, हाडं शाबूत? तू म्हणायचास, शाबूत. मग कुठं? आणि तू सांगायचास, तेच आपलं मार्गासनी. मी जीप काढायचो. कापूरहोळ, नसरापूर करत जाताना मधेच थांबून लोकांना विचारायचं, विमान बघितलं का हो? लोक हात लांब करून दाखवायचे, ते बघा, त्या रानात पडलंय. पडलंय म्हटलं की तुला राग यायचा. उतरलंय म्हणा, असं तू प्रत्येकाला समजावायचास, मास्तर तो मास्तरच.

मला तू दिसायचास तो लांबूनच. बांधावर टोपी डोळ्यांवर ओढून आडवा झालेला, शेजारी पांढरा पंख आणि भोवती गावातली निम्मी माणसं. माझी जीप दिसली की तू उठायचास नाही, नुसता एक हात वर करायचास. त्या हातासाठी मी एवढं पेट्रोल जाळत होतो असं आता वाटतं. आणि आपला एक अलिखित कायदा होता, नसरापूर ओलांडेपर्यंत 'का उतरलास' असं विचारायचं नाही. आधी वहिनींच्या डब्यातली पिठलं-भाकरी खायची, शेतकऱ्याला राम राम घालायचा, मग बाकीचं. नसरापूर गेलं की मी विचारायचो आणि मग भोर येईपर्यंत भांडण.

भांडण एकच. राब.

आपल्याकडं पावसाआधी भाताची रोपं करायची जागा भाजून काढतात. शेणी, पालापाचोळा, वाळलं गवत अंथरून पेटवून देतात. उन्हाळ्यात वेल्ह्याच्या खोऱ्यात जिकडंतिकडं राबाचा धूर दिसतो. तुझं म्हणणं, जिथं राब पेटलाय तिथं गरम हवा वर चढते, धुराकडं जायचं, तो उचलणारच. माझं म्हणणं, राबाची आग म्हणजे गवताची आग, आली तशी गेली. त्यापेक्षा उन्हानं तापलेला कातळ बघायचा, घारी कुठं फिरतायत ते बघायचं. तू म्हणायचास, घारींना काय भूगोल कळतो? मी म्हणायचो, तुला कळतो म्हणून तू दर खेपेला मार्गासनीच्या रानात बसलेला असतोस. यावर तुझं उत्तर ठरलेलं होतं, तो राब ओला होता. प्रत्येक राब ओला कसा असेल रे? आपलं माळावरून निघून तोरण्याला वळसा घालून न उतरता परत यायचं जे स्वप्न होतं, ते तुझ्या त्या धुरानंच खाल्लं.

दवाखान्यातही तू तेच काढलंस. नाकात नळी, आवाज फुटत नव्हता, आणि मला जवळ बोलावून म्हणतोस, शिव्या, यंदा राब लवकर पेटतील, थंडी लवकर जातेय. मी म्हटलं, गप पड. मग विचारलंस, रविवारी हवा कशी होती? मी म्हटलं, काही खरं नव्हतं, माळावर गेलोच नाही. हवा चांगली होती, वसंता. तू तिथं पडलेला असताना मला जायचं मन झालं नाही, एवढंच. तू माझ्याकडं बघितलंस आणि डोळे मिटलेस. तुला कळलं असणार.  वहिनी चहा घेऊन आल्या आणि विषय तिथंच राहिला.

मला तुझी फार आठवण येते. हे तू जिवंत असताना म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, पित्त झालंय का? म्हणून नाही म्हणालो. आता म्हणतो. सकाळी पहिला चहा होतो आणि कुणाला तरी शिव्या द्याव्यात असं वाटतं, आणि देणार कुणाला? रविवार तर नकोच वाटतो. बाकीच्या वारी माणूस काही ना काही करतो, किराणा आणतो, पेन्शनच्या कामाला जातो. रविवारी मात्र पाय आपोआप माळाकडं वळतात, तिथं जाऊन मी शेडच्या सावलीत बसतो, पोरांना उडताना बघतो आणि संध्याकाळी घरी येतो. कुणी विचारलं तर म्हणतो, गुडघा दुखतोय.

परवाच्या रविवारी मात्र राहवलं नाही. तू म्हणाला होतास तसंच झालं, यंदा धूर लवकर दिसायला लागला. डोंगरामागून निळसर रेषा वर चढताना बघितली आणि मी उठून ताडपत्री काढली. दोर खेचणारं विंच चालवणारा आपला ज्ञानोबा लांबून बघत होता. पोरांनी ग्लायडर ढकलून बाहेर काढायला मदत केली. मी शेडमध्ये गेलो, फळ्यावर लिहिलं. वर जाणारा, शिवराम. आणणारा, वसंत. खडू ठेवला, हात झटकले आणि येऊन बसलो.

माझ्या लक्षातच आलं नाही. शपथ. हाताला सवय होती, हात लिहून मोकळा झाला. पोरं फळा बघायच्या भानगडीत पडली नाहीत, तिथं नेहमी तेच नाव असतं. बघितलं ते एकट्या ज्ञानोबानं. नंतर मला म्हणाला, "बघितलं म्या. पुसाया हात न्हाई झाला." आणि तसाच त्यानं दोर ओढला होता.

वर गेल्यावर दोर सुटतो तेव्हा जो खटका बसतो, त्यानंतरची शांतता तुला मी काय सांगू. कानाशी वाऱ्याची बारीक सळसळ, बाकी काही नाही. भोर मागं राहिलं. भाटघरचं पाणी खाली गेलेलं होतं, काठानं मातीचे पट्टे उघडे पडलेले. हवा इतकी छान होती की हातात काही धरल्यासारखं वाटतच नव्हतं. डोंगराच्या कडेकडेनं चढत गेलो, राजगड डावीकडं ठेवला आणि समोर तोरणा पूर्ण दिसायला लागला, सगळाच्या सगळा, उन्हात. मी मोठ्यानं म्हटलं, वसंता, बघ. मग आपलं आपल्यालाच कसंतरी झालं. एकट्यानं बसायच्या जागेत दुसऱ्याला हाक मारणारा मी एकटाच असेन.

इतकं सुंदर दिसत असताना मला रडू येत होतं. इथं रडायला सोय नाही, डोळे पुसायला हात मोकळा नसतो. खाली वेल्ह्याचं खोरं, उतारावरची रिकामी भातखाचरं, त्यात राबांचे काळे चौकोन. बघायला सगळं होतं आणि सांगायला कुणी नव्हतं. दोघांपैकी एक वर असायचा तेव्हा खालचा त्याला शोधत असायचा. त्या दिवशी खाली एवढी गावं पसरलेली, आणि त्यात मला शोधणारं कुणी नाही, हे मला तिथं वर कळलं. तोवर फक्त माहीत होतं.

तोरण्याकडं जायला आणखी उंची हवी होती. डावीकडं राजगडाचा कातळ उन्हानं तापलेला, त्याच्यावर दोन घारी फिरत होत्या. माझा रस्ता तो. आणि उजवीकडं, मार्गासनीच्या वरच्या अंगाला, एक मोठा राब नुकता पेटलेला. जाड, पांढरा, सरळ वर जाणारा धूर. तुझा रस्ता. मी क्षणभर बघितलं, आणि गेलो तुझ्या धुराकडं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी तुला शिव्या घातल्या ती मी तुझ्यासाठी केली. एकदा तरी खरं ठरावं तुझं, असं फार वाटलं.

उचललं रे त्यानं. खरंच उचललं. दोन घिरट्या असं वर नेलं की मला वाटलं, मास्तर जिंकला. तिसऱ्या घिरटीला ग्लायडर धपकन खाली बसलं. गवताची आग ती, आली तशी गेली. धूर वाकडा झाला, हवा पडली, कातळाकडं परतण्याइतकी उंची उरली नव्हती. म्हणजे एवढ्या वर्षांचा वाद मी जिंकलो, वसंता. आणि जिंकलो हे सांगायला तू नाहीस. असलं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

उतरायला जागा बघायला लागलो. खाचरात उतरणं म्हणजे जिन्यावर उतरणं, तिथं जायचंच नाही. नदीकडचं काढणी झालेलं लांब रान दिसलं. तुझं ते रान. तुझ्याच बाजूनं आत आलो, बाभळीच्या झाडावरून, बांधाच्या अलीकडं टेकलो आणि घसटत थांबलो. काच उघडली, गरम मातीचा वास आला. मी बाहेर आलो, खिशातून फोन काढला आणि नेहमीसारखा पहिला नंबर दाबला.

तिकडं रिंग वाजायला लागली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कुणाला फोन लावलाय, फळ्यावर कुणाचं नाव लिहून आलोय, सगळं एकदमच.  तोडणार तेवढ्यात फोन उचलला गेला. पलीकडून वहिनींचा आवाज. हॅलो नाही, कोण नाही. त्या म्हणाल्या, "कुठं उतरलात, भावजी?"

तुझा फोन त्यांनी चार्ज करून ठेवलेला असतो, हे मला काय माहीत?  कसंबसं म्हटलं, वहिनी, चुकून लागला, माफ करा. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठं? मी म्हटलं, मार्गासनी, नदीकडचं रान. त्या म्हणाल्या, थांबा तिथंच. आणि ठेवला.

त्यानंतर मी ज्ञानोबाला लावत बसलो तर त्याचा सारखा बिझी, मग माझ्या फोनची रेंजच गेली. वहिनींनी थांबा म्हटलं ते कशासाठी, कुणी येणार म्हणून की नुसतं तोंडातून निघालं म्हणून, काही कळेना. आणि मनात सारखं हेच, की मी त्या बाईच्या जखमेवर मीठ चोळलं. इतके दिवस घरात तुझा फोन वाजला नसेल, आणि वाजला तो माझ्या चुकीनं. मी पंखाच्या सावलीत बसलो. गावातली माणसं या वेळी फारशी आली नाहीत, कामाचे दिवस. एक धनगराची म्हातारी तेवढी शेरडं घेऊन बांधावरून आली. तिनं मला बघितलं, ग्लायडरकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघत उभी राहिली.

"मास्तर न्हाई आलं का अजून?"

मी म्हटलं, मास्तर वारले. थंडीतच. ती ओळखत होती तुला, तिच्या पोराला तू शिकवलेलं. काठी टेकून तिथंच खाली बसली.  शेरडं ग्लायडरच्या शेपटीशी गेली तर त्यांना हाकललं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन मग तुमास्नी न्यायाला कोन?"

अख्ख्या भोर–वेल्ह्यात हा प्रश्न मला कुणी विचारला असेल तर त्या म्हातारीनं. मी म्हटलं, ठाऊक नाही, आजी. ती म्हणाली, मग मी बी बसते थोडी. बसली. आम्ही दोघं रस्त्याकडं बघत बसलो. एक एसटी वेल्ह्याकडं गेली, एक टेम्पो गेला, दोन मोटरसायकली. प्रत्येक आवाजाला मी मान वर करत होतो, मला माझीच लाज वाटत होती. तू इथं असाच बसायचास का रे? माझी वाट बघताना तूही प्रत्येक आवाजाला अशी मान वर करायचास का? मी तर तुला निवांत आडवा पडलेलाच बघितला. का जीप दिसली की आडवा व्हायचास, लबाडा? हे विचारायचं राहिलंच.

उन्हं कलली तशी म्हातारीची शेरडं पांगली. ती उठली, येईल कुणीतरी, म्हणाली आणि गेली. रान एकदम मोठं झालं. मी मनाशी ठरवून टाकलं. ग्लायडर दोरीनं बांधून ठेवायचं, रात्रीची गाडी मिळाली तर बघायची, उद्या पोरांना विनंती करायची, आणि पुन्हा कधी वर जायचं नाही. वर जाणं हे दोघांचं काम आहे, एकट्यानं करायचं नाही. मी ग्लायडरच्या नाकावर हात ठेवून त्यालाही सांगितलं, संपलं आता आपलं.

मग जीप आली. आपलीच जीप, मागं ट्रेलर. ज्ञानोबा चालवत होता आणि त्याच्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. मांडीवर डबा.

वसंता, एवढ्या वर्षांत वहिनी कधी माळावर आल्या नाहीत. देवाच्या दारातही तुझ्या त्या विमानाचं नाव काढू नका म्हणायच्या. त्या बांधावरून चालत आल्या, ग्लायडरकडं बघितलंही नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार, आणि निघाली. गेलेल्या माणसाचं नाव लिहून वर जाता, अक्कल गहाण ठेवलीय का? ज्ञानोबानं फोनवर सगळं सांगितलं मला. काही झालं असतं म्हणजे? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात, ज्ञानोबाला नुसतं कळवलं असतं तरी चाललं असतं, एवढं पुटपुटलो. 

"इतकी वर्षं रविवारी तो फोन वाजला की हे जेवत असले तरी उठायचे," त्या म्हणाल्या. "आज वाजला. घरात मीच होते. मग कुणीतरी उठायला नको का, भावजी?"

ज्ञानोबा उगाच ट्रेलरची फळी ठाकठीक करायला लागला. मी डबा घेतला. पिठलं-भाकरीच होती. आम्ही तिघांनी बांधावर बसून खाल्ली. खाऊन झाल्यावर वहिनींनी ग्लायडरकडं पहिल्यांदा नीट बघितलं. एवढंसं आहे होय, म्हणाल्या. यात मावायचे ते? मी म्हटलं, पाय दुमडून. त्या हसल्या आणि लगेच पदरानं डोळे पुसले.

अंधाराआधी सोडवायचं म्हणून आम्ही उठलो. ग्लायडरचे पंख काढायचे तर ते काम तिघांचं, हे तुला ठाऊक आहे. एकानं धड सावरायचं, एकानं पंख मुळाशी धरायचा आणि एकानं टोकाला. ज्ञानोबा धडाशी गेला. मी मुळाशी उभा राहिलो, खिळा ढिला केला, आणि सवयीनं म्हटलं, हं, उचल. टोकाला कुणीच नव्हतं. तिथं तू असायचास. मी तसाच पंख धरून उभा राहिलो, त्या रिकाम्या टोकाकडं बघत.

वहिनींनी चपला बांधावर काढल्या. पदर कमरेला खोचला, ढेकळं तुडवत पंखाच्या कडेनं पार टोकापर्यंत गेल्या आणि तिथून मला विचारलं, "कुठं धरायचं, भावजी?"

मी मानेनंच दाखवलं. त्यांनी दोन्ही हात खाली घातले. नीट धरलं, वसंता.